मिखासची बटाट्याची बादली

शेजारच्या घरात नवीन राहायला आलेला तो मिखास मे महिन्यात बाल्कनीत काय करत बसला होता? बेण्याच्या बटाट्यांचे कोंब खुडत होता! वर शीळही वाजवत होता!

"अरे मेल्या, कोंब खुडलेस तर उगवणार काय, तुझं डोकं?"

"आई तर दर वसंतात असेच खुडायची, आजी."

"रांधायच्या बटाट्यांचे! लावायच्या नव्हे!"

माझ्यामागून खुदकन हसू ऐकू आलं. ओले केस पुसत माझी नात उल्याना बाहेर आली होती. मिखासनं तिच्याकडे पाहिलं मात्र... हातातला बटाटा चौथ्या मजल्यावरून थेट खाली!

त्या दिवसापासून दोघांना बाल्कनीतच कामं सुचू लागली. मला काय दिसत नाही? एकदा सुनावलंच, "ज्याला बटाटा पिकवता येत नाही, त्याच्या घरी माझी नात जायची नाही."

मिखास लाल झाला. पण डोळे न चुकवता म्हणाला, "आणि पिकवून दाखवला तर?"

"तर बघू."

उल्यानानं आमचं कोंब आलेलं बेणं कठड्यावरून त्याला दिलं. बाल्कनीत शेत कुठलं, म्हणून मी त्याच्याकडून एका बादलीच्या बुडाला भोकं पाडून घेतली, नाहीतर पाणी साचून बटाटा कुजतो. वीतभर माती, त्यावर बेणं, कोंब आभाळाकडे. पाला वर आला की मातीची भर, पुन्हा वाढला की पुन्हा भर. एवढ्याशा बादलीला भर घालायला दर वेळी दोन माणसं लागत!

पांढरी फुलं आली. एक उल्यानाच्या कानामागे गेलं. मग एका संध्याकाळी दोघांचे हात कोपरापर्यंत मातीत.

"काही लागतंय?"

"लागतंय..."

"काय?"

"तुझं बोट."

"मग सोड की."

"बटाटा सापडू दे — मग सोडतो."

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बटाटा शोधायला एवढा वेळ लागत नाही!"

ऑगस्टात पाला वाळला. मिखासनं जुन्या चादरीवर बादली उपडी केली. चेहरा पांढराफटक.

"एकही नसला तर?" तो पुटपुटला.

"तर आजीला समजावीन," उल्याना म्हणाली.

"आजीला?"

माती ढासळली. मुळं... नुसती मुळं... आणि मग गडगडत आले! गोरे, गुबगुबीत, पातळ सालीचे. उल्यानानं किंचाळून त्याला मिठीच मारली, माझ्यादेखत!

मी ते सालीसकट उकडले, वर लोणी आणि शेपू. मिखास बसेना. मी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. मी तिसरा घेतला, तेव्हा तो श्वास घ्यायचा विसरला होता.

"मिखास," मी म्हटलं, "मीठ आण. आणि ऐक, सप्टेंबरात आमच्या गावी शेतातले बटाटे काढायचे असतात. त्या कामाला मी परका माणूस नेत नाही. तेव्हा त्याआधी लग्न उरकून घ्या."