पांढऱ्या डोक्याचा व्हॉल्व्ह

मास्तर त्या दिवशी घरून निघाले ते फक्त एक पेटी आणायला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. तारीख मला पाठ आहे, कारण पुढे त्यांनी ती मला तीनदा सांगितली, आणि मास्तर एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगणारे नव्हेत.

तुम्हा पोरांना ते ठाऊक नाहीत. माझे शेजारी. जुने रेडिओ दुरुस्त करायचे, म्हणून आम्ही त्यांना व्हॉल्व्हमास्तर म्हणायचो. व्हॉल्व्ह म्हणजे बोटभर काचेची नळी. आत तार असते, ती तापली की नारिंगी उजेड पडतो.

काय म्हणालीस? बल्ब? बरं, बल्ब म्हण. मास्तरांसमोर म्हणाली असतीस तर चहा न देता घालवलं असतं.

तर पेटी होती गिटारच्या ॲम्प्लिफायरची. चाळीस वर्षं जुनी. तिसऱ्या मजल्यावर, पलंगामागे, चादरीत गुंडाळून ठेवलेली. ज्याची होती तो माणूस आठ महिन्यांपूर्वी गेला होता. घरात त्याची बायको आणि एकोणीस वर्षांची मुलगी. मुलीने पेटीला हात लावू दिला, पण मास्तरांनी ती उचलली तेव्हा चादर मात्र काढून घेतली. घडी करून छातीशी धरून उभी राहिली.

जिना उतरताना आई मागे आली. हळूच म्हणाली, "मास्तर, आठ महिने पोरीने गिटारला हात लावला नाही. धड बोलत नाही, धड जेवत नाही. उद्या संध्याकाळी यांची जुनी मित्रमंडळी वाजवणार आहेत, यांची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवलीय. काल आपणहून म्हणाली, बाबांचा आवाज निघाला तर वाजवीन. नाही निघाला तर गिटार विकून टाक. तेवढं बघा."

"बघतो," मास्तर म्हणाले. "मशीनच आहे ते."

घरी येऊन पेटी उघडली. फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्या, बदलले, व्हॉल्व्ह बसतात त्या खाचा पुसल्या. राहिले दोन मोठे व्हॉल्व्ह. या जोडीवरच सगळा आवाज. एक चांगला होता. दुसऱ्याचं डोकं पांढरंफटक. आता हे नीट ऐका. व्हॉल्व्हच्या डोक्याला आतून चांदीसारखा मुलामा असतो. काचेला बारीकशी चीर गेली, आत हवा शिरली, की ती चांदी दुधासारखी पांढरी होते. मग तो व्हॉल्व्ह मेला. पेटी चालू करताक्षणी तार जळून तुटते. पुन्हा कधी पेटत नाही. मास्तरांनी दोन्ही जुने काढले आणि चहाच्या बशीत ठेवले.

त्यांच्या खणात असेच, पण चांगले, बेचाळीस व्हॉल्व्ह होते. निवडायची त्यांची एकच रीत. मीटर लावायचं आणि अगदी सारखा प्रवाह ओढणारे दोन शोधायचे. त्यांना ते जुळे म्हणत. दुपारभर बसून जुळे शोधले, काचेवर पेन्सिलीने बारीक आकडे टाकले, बसवले. मागची जाळी लावली. चार स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. स्क्रू कोणी फिरवला तर ठिपका फुटतो, लगेच कळतं. वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, बाटली त्यापायी दर महिन्याला संपायची.

संध्याकाळी मुलगी गिटार घेऊन आली. एक तार छेडली. ऐकलं. पुन्हा छेडली.

"छान आहे, काका," ती म्हणाली. "पण हा बाबांचा नाही."

"अगं, नव्यासारखा झालाय."

"तेच. बाबांचे व्हॉल्व्ह जुळे नव्हते कधी. एक दांडगा, एक मवाळ. ते पेन्सिलीने काचेवर टकटक करून निवडायचे. नको असेल तर एकदा वाजवायचे. हवा असेल तर दोनदा."

मास्तरांना ते लागलं. "मीटर असताना टकटक कशाला? हे काय कलिंगड आहे?"

ती हसली नाही. गिटार पिशवीत घातली. "सकाळी पेटी घेऊन जाते," म्हणाली. आणि दारात थांबून, "तुमची चूक नाही, काका."

जेवताना वहिनी म्हणाल्या, "खणात चाळीस पडलेत. तिच्या म्हणण्याप्रमाणे एखादा लावून बघितला असता तर तुमचं मीटर रुसलं असतं का?" मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

नवे व्हॉल्व्ह बसवले की रात्रभर पेटी चालू ठेवायची, ही त्यांची पद्धत. आवाज शून्यावर. तशी ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. झोप नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. उठून पाणी प्यायले. पुन्हा पडले.

दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.

टक.

काच थंड होताना वाजते, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण पेटी चालू होती. काच थंड कशाला होईल?

टक.

ते उठले. दाराशी गेले. बाहेरच्या खोलीत अंधार. जाळीतून तेवढा नारिंगी उजेड. कोणी नाही. कडी आतून लावलेली.

टक.

आवाज खणातून येत होता. खण बंद होता.

टक... मग थांबला. कोणी कान देऊन ऐकावं इतका थांबला. मग पुढचा. टक... मास्तर नकळत मोजू लागले. सतरा. अठरा. एकेक. घाई नाही. एकोणचाळीस... चाळीस.

एकदाही दोनदा नाही.

मग शांतता.

आणि टेबलावरच्या बशीतून...

टकटक.

पेटीचं बटण खाली पडलं. नारिंगी उजेड विझला.

गच्च काळोख. तापलेला व्हॉल्व्ह लगेच काढायचा नसतो, निवू द्यायचा असतो. मास्तरांना ते माहीत होतं. जो कोणी तिथे होता... त्यालाही माहीत होतं. तो थांबला. पाच मिनिटं. दहा. बशीत काच घासल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

मास्तरांनी कसाबसा तोंडाला शब्द आणला. "सकाळी पोर यायचीय."

काही नाही.

"तिच्यासाठी असेल तर... माझं काही म्हणणं नाही."

बटण वर गेलं. उजेड हळूहळू चढला. आवाज शून्यावर असताना पेटीतून बारीकशी घरघर आली. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. मास्तर आत आले, दार लावलं, आणि उजाडेपर्यंत वहिनींचा हात धरून बसले. वहिनी अर्धवट झोपेत म्हणाल्या, "हात किती गार पडलाय हो." त्यांनी सोडला नाही.

सात वाजता मायलेकी आल्या. मास्तर काही बोलायच्या आत पोरीने गिटार जोडली. एक तार छेडली.

आई मटकन स्टुलावर बसली.

मुलगी अर्धा तास वाजवत राहिली. डोळे मिटलेले, गाल ओले. मग आईला म्हणाली, "भूक लागलीय." बस, एवढंच. आणि त्या संध्याकाळी बापाच्या जागेवर उभी राहून वाजवलं. मी होतो तिथे. अजूनही वाजवते.

सकाळी त्या दोघी वाजवण्यात आणि ऐकण्यात असताना मास्तरांनी बशीकडे बघितलं. बशीत दोन व्हॉल्व्ह. काचेवर पेन्सिलीचे आकडे. त्यांच्याच अक्षरात. त्यांचे जुळे.

मग ते पेटीमागे वाकले. चार स्क्रू. चार लाल ठिपके. एकालाही तडा नाही.

पेटी ती पोर कोणाला उघडू देत नाही. गेल्या महिन्यात मी त्या मायलेकींकडे गेलो होतो. ती वाजवत होती. मी चप्पल शोधायचं निमित्त केलं आणि पेटीमागे वाकलो. ठिपके तसेच. जाळीतून आत बघितलं.

दोन व्हॉल्व्ह. एक चांदीच्या डोक्याचा. आणि शेजारचा...

डोकं पांढरंफटक. खाली तार, नारिंगी. पेटलेली.