नोराच्या रस्त्यावरची बारावी गाडी

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास काउंटीच्या रस्तेखात्यातला आर्लो टेस्के नोराच्या रस्त्यावरचं गाड्या मोजणारं यंत्र आणायला निघाला. शेतांवर धुकं उतरलं होतं. कापलेल्या मक्याचे खुंट बर्फातून जेमतेम वर दिसत होते.

काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण होण्याचा मान नोरा गावाने जुन्या काळी अकरा मतांनी गमावला. मग रेल्वे दुसरीकडून गेली, माणसं पांगली, शेवटी चर्चही जळालं. उरली ती मैलभर खडीची वाट आणि टोकाची दफनभूमी. तिथे आर्लोची बायको युनिस होती. थडग्याच्या दगडावर तिच्याशेजारी आर्लोचंही नाव कोरून ठेवलेलं, शेवटची तारीख तेवढी कोरी.

"आठवड्यात दहा गाड्या आत गेल्या तर रस्ता ठेवू," काउंटी मंडळाचा अध्यक्ष व्हर्जिल म्हणाला होता. "नाहीतर बर्फ काढणं बंद. आणि लबाडा, तूच दहा चकरा मारू नकोस."

"एक जरी मारली तरी नाव बदलीन."

"दगडावर कोरलंयस की! आता कसलं बदलतोस?"

आर्लोने शब्द पाळला. आठवडाभर तो युनिसकडे फिरकला नाही.

हमरस्त्यालाच गाडी उभी करून तो उतरला. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दोन रबरी नळ्यांवर बुधवारचा बर्फ तसाच होता. चाकाची एक खूण नाही. त्याने नळ्यांना जोडलेली यंत्राची पेटी उघडली.

आत गेलेल्या, बारा. बाहेर आलेल्या, अकरा.

सगळ्या रविवारच्या. जाताना सकाळी साडेनऊ, येताना पावणेअकरा. चर्चची वेळ.

"मग बारावी...?"

तो पायीच आत गेला. धुक्यात स्वतःच्या बुटांखेरीज आवाज नव्हता. दफनभूमीच्या फाटकापाशी एका गाडीएवढी जमीन कोरडी होती. जळक्या डिझेलचा मंद वास येत होता. हातमोजा काढून त्याने खडीला हात लावला.

गरम होती.

चर्च सुटलं की युनिस आधी बाहेर यायची, इंजिन चालू करून गाडी ऊबदार करून ठेवायची. आर्लो मात्र दारात गप्पा मारत राहायचा.

"कालपासून थांबलीस होय गं...?" तो पुटपुटला. "चल. झालं माझं."

परत येऊन त्याने नळ्या सोडवल्या, गुंडाळून मागे टाकल्या, पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. बारा आकडा पुरेसा होता. रस्ता राहणार होता.

गाडी हमरस्त्याने निघाली आणि पेटीत टक् झालं.

त्याने वाकून पाहिलं. बाहेर आलेल्या, बारा.

आर्लोने पेटी उचलून खाली ठेवली आणि शेजारची सीट मोकळी केली.