काढता येणारा पिवळा

"एवढे सगळे डबे एकट्या तुम्ही नेणार? की बंदरावरचं दीपगृह रंगवायला घेतलंय?"

हार्डवेअरच्या दुकानात मी पिवळ्या स्प्रेचा शेवटचा डबा ट्रॉलीत टाकत होते, तेव्हा मागून हा आवाज आला. वळून पाहिलं. उंच, कानांवर ओढलेली लोकरी टोपी, हातात रंग काढायच्या द्रावणाचा एकच डबा आणि डोळ्यांत नको तेवढं हसू.

"दीपगृह नाही, गाडी," मी म्हटलं. "आणि हो, एकटीच नेणार. काही अडचण?"

"छे! कौतुक वाटलं, एवढंच. बाहेर पारा घसरतोय आणि तुम्ही गाडी रंगवायला निघालात."

नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं त्याने. हा रंग म्हणजे खरा रंग नव्हेच. फवारून द्यायचा रबराचा पापुद्रा तो. नको झाला की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सोलून टाकायचा. स्वस्त, आणि खालच्या मूळ रंगाला धक्का नाही. पण त्याला ऊब लागते. गारठ्यात तो नीट बसत नाही, आणि कॅनडातल्या आमच्या थंडर बेमध्ये ऑक्टोबर अर्धा उलटला की ऊब मागायची कुणाकडे? माझ्याकडे गॅरेज नव्हतं. असं असूनही मी डबे घेत होते. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

तो माझ्या मागोमाग बाहेर आला. त्याच्या ट्रककडे लक्ष गेलं आणि मला हसू आवरेना. अर्धा काळा, अर्धा लाल, जागोजागी ओरखडे.

"ट्रकला गजकर्ण झालंय का हो?"

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमच्यासारखाच काढता येणारा रंग लावला होता. दोन वर्षं झाली, खरवडतोय. नखं झिजली, रंग काही निघत नाही."

"काळा कशाला लावलात? लाल छान होता की."

"एकीला काळा आवडायचा." त्याने डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला. "ती टोरांटोला गेली... रंग राहिला."

"थर किती दिले होते?"

"दोन. का?"

"कंजूष! पातळ थर कधीच अख्खा निघत नाही, त्याचे तुकडेच पडतात. त्याच्यावर आणखी थर द्यायचे, भरपूर. वाळले की जुनंनवं एकदमच सुटून येतं."

"म्हणजे काढायचा असेल तर आधी आणखी लावायचा?"

"अगदी."

तो आकाशाकडे बघत, जसं काही हवामानाबद्दलच बोलतोय अशा सुरात म्हणाला, "माझ्या आजोबांच्या घराला गॅरेज आहे. हीटरवालं... तुम्ही मला अक्कल द्या, मी तुम्हाला ऊब देतो." आणि स्वतःच्याच वाक्यावर कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, गॅरेजची."

त्याचं नाव ओरेस्ट. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन त्याच्या दारात हजर झाले.

येताना पर्शियन आणले होते, गुलाबी आयसिंगचे आमच्या गावचे पाव. खाता खाता त्याने विचारलं, "पण पिवळाच का, काइसा?"

मग मी सांगितलं. पाच वर्षं मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. घाबरणारी, रडणारी, चौकात गाडी बंद पाडणारी माणसं माझ्याकडे यायची आणि मी त्यांना वेळ द्यायचे. मालकाला ते खपेना. 'रडूबाईंवर वेळ घालवायचा असेल तर स्वतःची शाळा काढ,' म्हणाला. मी त्याच दिवशी चावी टेबलावर ठेवली. आता सोमवारपासून माझी शाळा सुरू होणार होती, तिचं नाव 'सावकाश'. गाडी भाड्याची, राखाडी, तीन वर्षांनी आहे तशी परत करायची. पण राखाडी गाडी आमच्या धुक्यात कुणाला दिसत नाही, मागचे धडाधड अंगावर येतात आणि शिकणारा घाबरून हातपाय गाळतो. पिवळी लांबून दिसते. आत्ता जमलं नाही तर थेट मे महिना, आणि तोवर हप्ते भरता भरता मी पुन्हा त्याच मालकाच्या दारात.

"त्या दारात मी जाणार नाही," मी म्हटलं.

"नाही जायचं," तो लगेच म्हणाला. आमच्यात पहिल्यांदाच कुणी थट्टा केली नव्हती.

आधी हीटरने गॅरेज तापवलं, मग तो बंद केला आणि दार थोडं उघडं ठेवून फवारायला लागलो. दोघांच्या तोंडावर मास्क. फक्त डोळे दिसत होते, आणि त्याचे डोळे गाडीवर कमी अन् माझ्यावर जास्त होते.

"बॉनेटवर बघ," मी दटावलं. "ठिपके पडू दे. पहिला थर विरळच असतो, त्यालाच पुढचे धरून राहतात."

"विरळच सुरुवात करायची... बरं. आणि मग?"

"मग थांबायचं. घाई केली की ओघळ येतात."

"किती थांबायचं?"

"ओरेस्ट!"

"मी रंगाबद्दलच विचारतोय!"

थर चढत गेले. रविवारी संध्याकाळी राखाडी कुठे औषधालाही उरला नव्हता. दारावर मी 'सावकाश' हे नाव काढलं. त्याने शेवटचं अक्षर पुसत नीट केलं, तेव्हा त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर जास्तच थांबली. हात मीही काढला नाही. आनंदाने नुसती भरून गेले होते मी. गाडीमुळे, आणि... त्याच्यामुळेही.

"मी आधीच सांगायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. "हे घर विकलंय. महिनाअखेरीस मी अल्बर्टाला निघालो. तिकडे काम आहे."

"आणि मग?"

"मग तिथून दुसरीकडे. मी असाच आहे, काइसा. काढता येईल तेवढंच लावून घेतो."

"बरं आहे की," मी म्हटलं. बरं काहीही नव्हतं.

सोमवारी सकाळी गाडी न्यायला गेले तर तो अंगणात उभा, हातात चिंधी आणि चेहरा पांढराफटक. मला मदत म्हणून पहाटे उठून टाकी भरून आणली होती त्याने. पेट्रोल सांडलं, त्याने प्रेमाने पुसलं, आणि रंग चिंधीबरोबर आला. पेट्रोल हा या रंगाचा काळ! मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर भाकरीएवढा राखाडी चट्टा पडला होता.

"मला माहीत नव्हतं गं..."

"विचारायचं होतंस!" माझा आवाज चढला. "पुसून मोकळं व्हायचं, एवढंच येतं तुला! जा अल्बर्टाला. आजच जा."

मी डिकीतले उरलेले पिवळे डबे काढून त्याच्या पायरीवर आदळले. "शब्द दिला होता म्हणून. जाड थर दे. वाळू दे. कडेला नख लाव, सगळं निघेल. तुझी टोरांटोवालीसुद्धा."

चट्ट्यासकट मी गाडी काढली. माझी पहिली विद्यार्थिनी मिसेस सालो. वय बासष्ट, नवरा गेल्यापासून बस आणि शेजारी यांच्या भरवशावर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पोरी, हे काय?"

"पेट्रोल सांडलं."

"असू दे. इथे धक्का लागला तरी आता कुणाला कळणार नाही," असं म्हणून त्या निर्धास्तपणे चालकाच्या जागी बसल्या. मला त्यांची पप्पी घ्यावीशी वाटली.

आठवडाभर आम्ही गल्ल्या घोटल्या. ओरेस्टचा पत्ता नव्हता. घरासमोरून जाणं मी टाळत होते, आणि ज्या दिवशी टाळलं नाही त्या दिवशी गॅरेजला कुलूप दिसलं. गेला असेल, म्हटलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी तोंड धुऊन कामाला लागले. शाळा थांबवायची नव्हती.

शुक्रवारी मिसेस सालोंना पहिल्यांदा हायवेवर घेतलं. सरोवरावरून धुकं आलेलं. मागे लाकडं वाहणारा अजस्र ट्रेलर अगदी बुडाला चिकटला आणि भोंगा वाजवायला लागला. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"मी नाही जाणार पुढे, काइसा... मला उतरव."

"श्वास घ्या. तुमचा वेग बरोबर आहे. वाजवू दे त्याला."

पुढच्याच फाट्याला ट्रेलर वळून गेला. पण मागून आणखी दिवे येतच होते, आणि त्यातला एक आमच्यामागे येऊन सावकाश झाला. नियमाएवढं अंतर ठेवून, आमच्याच वेगाने. मागच्यांनी भोंगे वाजवले, तो हलला नाही. वाजवून वाजवून ते त्याला ओलांडून गेले. मी आरशात निरखून पाहिलं. ट्रक. पिवळाधमक.

"मिसेस सालो," मी आरशावरची नजर न काढता म्हटलं, "पुढे कॉफीचं दुकान आहे. तिथे आत घ्या. सिग्नल द्या आधी."

त्यांनी गाडी दोन रेघांच्या बरोबर मधे लावली. मी उतरले. ओरेस्ट ट्रकमधून खाली उतरला. नखांत, टोपीवर, भुवईवरसुद्धा पिवळा. "तुझी गाडी धुक्यातही लांबून दिसली," तो म्हणाला.

"काढला नाहीस?" मी विचारलं.

"एक कोपरा उचलून पाहिला. सुटतोय... काळ्यासकट, अख्खा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग परत चिकटवून बसलो. काढता येतो म्हणून काढलाच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

"आणि अल्बर्टा?"

"कळवून टाकलं, येत नाही म्हणून. इथे मोटारदुरुस्तीच्या दुकानात सोमवारपासून लागतोय. काइसा, तू मला आवडतेस. चार दिवसांपुरती नाही... आणि हो, पेट्रोलपासून लांब राहीन. शपथ."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसूही आलं. "राहणार कुठे? घर तर विकलंस."

गाडीची काच खाली आली. "माझं तळघर रिकामं आहे," मिसेस सालो ओरडल्या. "पण त्याला बर्फ उपसावा लागेल!"

"उपसतो!" तो ओरडला.

"आधी धडा पुरा करायचाय," मी डोळे पुसत म्हटलं. "परतीच्या वाटेवर मागे राहा. आणि अंतर ठेव."

"किती?"

"नियमात आहे तेवढं."

परतीला मिसेस सालो एकदाही 'उतरव' म्हणाल्या नाहीत. आरशात तो पिवळा ट्रक सगळ्या वाटेत तसाच होता, ना पुढे ना मागे. त्यांच्या दाराशी गाडी थांबली, इंजिन बंद झालं, त्यांनी चावी माझ्या हातात दिली. धडा संपला.

मग मी चालत मागे गेले आणि ते अंतर मीच मोडलं.