भोक पाडलेली थाळी

मोरा बंदराच्या वर, टेकडीच्या पोटाशी मिशनचं जुनं बोर्डिंग होतं. शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि चौऱ्याण्णव साली संस्थेनं इमारत विकायला काढली. त्याआधी दाखले लावून सामानाची यादी करायला चारुलता नेरूळहून रोज एसटीने येई. काम कंटाळवाणं होतं, पण ती त्यात रमली. धूळ झटकावी, कागद लावावेत, दुपारी डबा खावा, लाँचचा भोंगा ऐकावा. काम नीट झालं की संस्थेच्या ऑफिसात तिला कायम करणार होते. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून तिला ती नोकरी हवीच होती.

बोर्डिंगात प्रत्येक मुलाला नंबर असे. तोच नंबर खिळ्याने ठोकून त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीवर काढलेला. मूल शाळा सोडून गेलं की थाळी नव्या मुलाला मिळे. काही थाळ्यांच्या काठाला मात्र भोक पाडून त्या भोजनगृहाच्या भिंतीवर टांगल्या होत्या. चारुलताने त्यांचे नंबर दाखल्यांशी ताडून पाहिले. कोणी टायफॉइडने गेलेलं, कोणी साप चावून. मेलेल्या मुलाच्या थाळीत दुसऱ्याला वाढायचं नाही, अशी सिस्टरांची रीत दिसत होती. निदान एवढी तरी माया होती म्हणायची.

शेवटची थाळी एकसष्ट नंबरची. दाखल्यात नाव पंढरी, इयत्ता दुसरी, गाव मोरा. शेरा, 'पळून गेला'.

चारुलता बराच वेळ ते भोक बघत राहिली. लिहिणाऱ्याने लिहायचं ते लिहिलं होतं. थाळीला भोक पाडणारीला मात्र ठाऊक होतं.

आणि ती थाळी ओली होती. छत गळत नव्हतं, नळाला तर कधीचं पाणी नव्हतं. बाकीच्या थाळ्या धुळीने माखलेल्या. चारुलताने ती पुसून परत टांगली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेनंतर ती पुन्हा ओली, नुकती धुतल्यासारखी, आणि भोकापाशी भाताचं एक शीत चिकटलेलं. तिच्या डब्यात तर पोळी-भाजी होती.

शीताचं तिने कोणाला सांगितलं नाही. बंदरावरच्या पीसीओवरून फक्त दाखला आणि थाळीचं भोक जुळत नाही, एवढं ऑफिसात कळवलं. संस्थेचे मॅनेजर अरविंद वैतागले.

"पळून गेला लिहिलंय ना? मग पळून गेला. सौदा तोंडावर आलाय, उगाच टेन्शन नको. आणि तुमची ऑर्डर टाइप होतेय, बरं का."

"हो सर," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला राग आला तो अरविंदपेक्षा स्वतःचाच जास्त.

त्याच आठवड्यात वेणूबाई आली. मोऱ्याची कोळीण, कानाशी ओरडलं तरच ऐकू येणारी, त्यामुळे आवाज खणखणीत. बोर्डिंग विकतायत असं कळल्यावर काठी टेकत टेकडी चढून आली होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिने आधी दम खाल्ला.

"बाय, मना येवरंच सांग. माजा पंढरी पलाला का मेला? बाप दर्यात गेला म्हनून हितं ठेवला व्हता. पलाला तर वाट बगीन. मेला असंल तर त्याचं दिवस तरी करीन. पोराला उपाशी कवर ठेवू?"

चारुलताने भोजनगृहाकडे पाहायचं टाळलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. म्हातारी रडली असती, कावळ्याला घास ठेवला असता, मायलेकरं दोघंही सुटली असती.

"पळून गेला, आजी," ती वेणूबाईच्या कानाशी ओरडली. "तसंच लिहिलंय."

म्हातारीचा चेहरा उजळला. ते पाहून चारुलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग येल," वेणूबाई म्हणाली. "येल माजा पोर."

ती उठली, अंगणात गेली आणि दर्याकडे तोंड करून तिने हाक मारली. वस्तीतल्या बाया पोरांना घरी बोलावतात तशी.

"पंढऱ्या, ये रं! जेवाला ये!"

"आलू, आये!"

आवाज भोजनगृहातून आला. बारीक, उतावळा. पाठोपाठ बाक सरकला.

वेणूबाईला काही ऐकू गेलं नाही. ती उतार उतरू लागली.

"आजी! थांबा!"

तेही तिला ऐकू गेलं नाही.

अनवाणी पावलं व्हरांड्यातून धावत आली आणि चारुलताच्या मागे थांबली.

धावत जाऊन म्हातारीला गाठावं म्हणून तिने पाऊल उचललं, तोच पदर ताणला गेला. वळून बघायचा धीर झाला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं, एका लहानशा ओल्या मुठीत पदर होता. मूठ ओढत नव्हती. आई निघून जाताना परक्या बाईकडे सोपवलेलं पोर धरतं, तशी नुसती घट्ट धरून होती.