एका तालातले पाच दिवे

थिओफिल ओहोळ सर सकाळचा पहिला चहा दिव्यासमोर बसून घेत. हा दिवा पूजेचा नव्हता. नगरच्या मिशन कंपाउंडात तसली सोय नसते. हा 'स्पंदिका' नावाचा, पेरूएवढा काचेचा गोळा. दूर गेलेल्या माणसाच्या मनगटाला एक पट्टी बांधायची. पट्टी नाडीचा ठोका उपग्रहाला कळवते, उपग्रह घरच्या दिव्याला. तिकडे ठोका पडला की इकडे दिवा लुकलुकतो.

सरांची मुलगी सलोमी प्रशांत महासागरातल्या तलुआ नावाच्या बेटावर मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. ती फोनवर फार बोलत नसे. दिवा बोलत असे. ती टेकडी चढली की दिवा घाई करी, झोपली की रेंगाळे. सर त्याला "जेवलीस का गं?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता स्वतः जेवून घेत. बायको गेल्यापासून घरात एवढंच संभाषण उरलं होतं.

पूर्वी अमेरिकेतून मिशनरी नगरला आले. आता नगरचे मिशनरी तलुआला जात होते. दूरच्या माणसाचं कल्याण करणं नेहमीच सोपं असतं. शेजारच्याचं करायचं म्हणजे आधी त्याच्याशी बोलावं लागतं.

मग तलुआचा ज्वालामुखी फुटला. बेट राखेच्या ढगाखाली गेलं. फोन बंद, विमानं बंद, आणि बातम्यांत दिवसभर तोच एक करडा डाग. चर्चच्या मंडळीतले पाच जण, सलोमी धरून, त्या डागाखाली होते. पण पाचही घरांतले दिवे लुकलुकत राहिले. कंपाउंडात लोक सलामाच्या आधी विचारू लागले, "चालू आहे ना?"

"चालू आहे."

सलोमीचा दिवा तर अगदी संथ चालला होता. आकाशातून राख पडत असताना पोरगी इतकी शांत कशी, असं सरांना वाटून गेलं. पण श्रद्धा असते माणसाची, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

चर्चचे पाळक आढावसाहेब यांनी ठरवलं की सगळे दिवे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणायचे आणि रोज संध्याकाळी प्रार्थना करायची. दिवे प्रभुभोजनाच्या मेजावर मांडले गेले. पहिल्याच दिवशी जो तो आपल्या दिव्यासमोरची जागा धरून बसला आणि आपल्यापुरतीच प्रार्थना करू लागला. पाळकीणबाईंना ते पटलं नाही. "देवापुढे आपलं-परकं कसलं?" म्हणत त्यांनी दिव्यांखालच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, पाचही दिव्यांना सारखीच क्रोशाची पांढरी झालर घातली आणि त्यांच्या जागा बदलल्या. आता कुणाचा कोणता ते कुणालाच कळेना. सगळ्यांना सगळ्यांसाठी प्रार्थना करावी लागली. थोडी कुरकुर झाली, पण उघड कुणी बोललं नाही.

नजर आपल्या दिव्यावरून हटली, तेव्हाच ते ध्यानात आलं. पाचही दिवे एकाच वेळी उजळत होते आणि एकाच वेळी मंदावत होते.

"एकचित्त!" पाळकसाहेब उद्गारले. "बंधुभगिनींनो, पाहा! ते तिथं एकचित्ताने प्रार्थना करताहेत!"

देवळात हुंदके फुटले. सर तेवढे कोरडे राहिले. तीस वर्षं त्यांनी याच मंडळीचं गायनमंडळ सांभाळलं होतं. यातले पाच जण एका तालात येत नाहीत, प्रभूने आणले तरी येत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे यंत्राचा गोड आवाज होता.

"सर, संपर्क तुटल्यास आप्तांना धक्का बसू नये म्हणून ठोके आम्ही पुरवतो. त्याला सातत्यसेवा म्हणतात. गटाने गेलेल्या सदस्यांना गटाची सरासरी नाडी दिली जाते. ती मोफत आहे."

"म्हणजे माझी मुलगी जिवंत आहे की नाही?"

"सातत्यसेवेचा त्या प्रश्नाशी संबंध नाही, सर."

"आणि खरा संपर्क झाला तर?"

"तर तो दिवा पुन्हा स्वतःच्या ठोक्यावर जाईल. आपण या संभाषणाला किती तारे द्याल?"

सरांनी फोन ठेवला. कुणाला सांगावं? आशेवर जगणाऱ्या चार घरांना? ते रोज संध्याकाळी देवळात जात, सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणत आणि एकटेच घरी येत. घरी दिव्याची जागाही रिकामी होती. आता जेवलीस का विचारायलासुद्धा समोर काही नव्हतं, म्हणून ते बरेचदा जेवतही नसत.

रविवारी उपासनेच्या मध्यावर एक दिवा चुकला. बाकीचे चार संथ चाललेले, आणि हा भलताच धडधडू लागला. लोक माना वाकड्या करून पाहू लागले.

"हा कुणाचा हो?" मार्था गोर्डे जोरात म्हणाल्या. त्यांचा मुलगा एबेनेझर तलुआच्या तुकडीचा प्रमुख होता. "सगळ्यांचं चित्त एक झालंय आणि ह्याचं एकट्याचंच भटकतंय!"

"बिघडला असेल," पाळकसाहेब म्हणाले. "दुरुस्तीला देऊ या. एकामुळे साऱ्यांचं लक्ष विचलित होतंय." आणि तो दिवा उचलायला ते मेजाकडे वळले.

"हात लावू नका त्याला!"

तीस वर्षांत सरांचा आवाज देवळात गाण्याखेरीज कधी चढला नव्हता. ते उठून मेजापाशी आले. आता मागे फिरायला वाट नव्हती.

"तो एकच खरा आहे," ते म्हणाले. "बाकीचे चार कंपनी चालवतेय." आणि फोनवर ऐकलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं, तारे सोडून.

एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "सर, आजचा दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तो उचलून कपाटात टाकला असता तुम्ही. धडधडणारा."

"बाकीच्यांचा संपर्क उद्या होईल," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "राख हटली की होईल. नाही का, सर?"

"होऊ शकेल," सर म्हणाले. ते खरंही होतं.

हळूहळू पाचही घरांतली माणसं मेजाभोवती जमली. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी, झालरीखाली, क्रमांक कोरलेला होता. दिवा उलटा केला की झालं. मग एक घर मोकळा श्वास घेणार होतं, आणि चार घरं आपापल्या दारामागे जाऊन बसणार होती. सलोमीचा क्रमांक सरांना पाठ होता. त्यांचा हात कधी त्या काचेवर गेला, त्यांनाही कळलं नाही. काच उबदार होती. आत कुणीतरी पळत होतं, किंवा ओझं उचलत होतं, किंवा नुसतं घाबरलं होतं.

मार्थाबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. आता त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"सर, उलटायच्या आधी एवढं सांगा. हा तुमच्या सलोमीचा निघाला, तर उद्या संध्याकाळी तुम्ही आमच्यासोबत इथं येऊन बसाल का?"