कुरणाचं फाटक

रीडिंग रूमचं दार उघडलं आणि हेस्टर डग्डेल उंबऱ्यातच थबकली.

खोलीच्या मधोमध ओझं टेकवायचे दोन लाकडी घोडे उभे होते. काल संध्याकाळी त्यांच्यावर एनॉक रॉथमेलची शवपेटी ठेवली होती. आता नुसते घोडे होते. पेटीवरचं फुलांचं चक्र कुणीतरी उचलून खुर्चीवर ठेवलं होतं, तेही हळुवार हातानं. एकही पाकळी गळलेली नव्हती.

हेस्टर हॅरोबेकच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावच्या पंचायतीची, क्लार्क होती. रस्त्यावरचा दिवा गेला, बसथांब्याचं छप्पर गळलं, कुणाचं कुत्रं हिरवळीवर बसलं, की लोक तिचंच दार वाजवत. पण पेटीसकट माणूस नाहीसा झाल्याची तक्रार आजवर आली नव्हती. आणि अकरा वाजता अंत्यविधी होता.

आरडाओरडा करायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं घोड्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट बुळबुळीत झालं. पिवळसर मलम होतं, लोकरीच्या वासाचं. वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते चटकन आठवेना.

खोलीची किल्ली नेहमीप्रमाणे कुंडीखालीच होती. ती तिथं असते हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

बाहेर गवतावर दव होतं आणि दवात दोन बारीक चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. रेघा गल्ली ओलांडून थेट कॅपस्टिकांच्या कुरणाच्या फाटकाशी गेल्या होत्या. फाटक बंद होतं. साखळीचे दोन वेढे, त्यात नवं कुलूप. आणि चाकांच्या रेघा फाटकाच्या पलीकडे निवांत पुढं गेलेल्या.

या फाटकावरून कित्येक महिने गाव धुमसत होतं. कुरणाच्या एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला चर्च, मधून पायवाट. म्हातारा विल्फ कॅपस्टिक जमीन सांभाळत होता तोवर लोक बिनघोर ये-जा करायचे. गेल्या शरदात त्यानं सगळी शेती मुलाच्या, कॉलिनच्या नावावर केली. कॉलिननं फाटकाला कुलूप घातलं आणि कुरणावर घरं बांधायचा आराखडा मंजुरीला टाकला. आराखड्यात वाट नव्हती. वाटेच्या जागी गॅरेजं होती.

इतरांना गाडी काढून चर्चला जाता येत होतं. एनॉकच्या बायकोला, ॲग्नेस रॉथमेलला, नाही. तिची मुलगी रोझी, सहा वर्षांची असताना गेलेली, चर्चच्या आवारात पुरलेली होती, आणि ॲग्नेस जन्मभर रोज कुरणातून तिच्याकडे जात आली होती. मोठ्या रस्त्याला पदपथ नव्हता, वळणावर दुधाचे टँकर अंगावर येत, आणि ॲग्नेसचं कंबरेचं हाड पूर्वीच मोडलेलं. आता एनॉकही तिथंच जाणार होता. फाटक बंद राहिलं तर ॲग्नेसची दोन्ही माणसं तिला कायमची दुरावणार होती.

हेस्टरनं दगडी भिंत ओलांडली. मोजा फाटला. चाकांच्या रेघा चर्चच्या दिशेनं सरळ गेल्या होत्या. फक्त एका जागी त्यांनी भला मोठा वळसा घेतला होता. हेस्टर वळशाच्या आत डोकावली. तिथल्या खळग्यात एक मेंढी पडली होती, पोटाशी नुकतं झालेलं कोकरू. तिनं मान वर केली, पण उठली नाही. हेस्टर पाय न वाजवता बाजूनं गेली.

चर्चला कधीच कुलूप नसे. एनॉकची पेटी वेदीसमोर होती, चर्चच्या जुन्या हातगाडीवर, पाय वेदीकडे, अगदी रीतीप्रमाणे. लाकडावरचं दव कुणीतरी पुसलं होतं.

हेस्टर पहिल्या बाकावर बसली आणि तिला रडू आलं. मग नाक पुसून ती उठली.

बातमी तिच्याआधी गावात पोचली होती. ॲग्नेसला आणायला ती घरी गेली तेव्हा ॲग्नेस काळ्या कोटात तयार बसली होती.

"सापडला ना?" ॲग्नेसनं विचारलं.

"सापडला. चर्चमध्ये आहे. कुणीतरी कुरणातून नेला."

ॲग्नेसनं डोळे मिटले. "त्याची तेवढीच इच्छा होती बघ. कॉलिननं नाही म्हटलं, मग मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

"एनॉकनं स्वतः कधी विल्फला विचारलं होतं?"

"छे. कॅपस्टिकांकडे तो काही मागायचा नाही. रोझीपासून."

"रोझीचं काय झालं होतं?"

"तुला कसं ठाऊक असणार, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. विल्फचा बाप फार कडक. जिवंत माणसानं कुरणातून खुशाल जावं, पण मढं जायचं नाही. तोपर्यंत एकही गेलं नव्हतं. त्या दिवशी गारांचा मारा होता. एनॉकच्या खांद्यावर एवढीशी पेटी. आम्ही फाटकाशी गेलो, तर फाटक आतून बंद धरून ठेवलेलं. मग रस्त्यानं गेलो."

"कुणी धरलं होतं?"

"मी पाहिलंच नाही गं," ॲग्नेस म्हणाली. "मी पेटीकडे बघत होते."

चर्चच्या देवडीत भांडण पेटलं होतं. कौन्सिलचा अध्यक्ष नॉर्मन टेनन्ट छाती काढून उभा होता. वाट वाचवायची मोहीम त्याचीच. त्याच्यासमोर कॉलिन, चिखलाच्या बुटांत, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी. दगडी कट्ट्यावर विल्फ बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"मी पोलिसांना बोलावणार," कॉलिन म्हणाला. "माझ्या कुलपाशी खेळलात, मेलेल्या माणसाशी खेळलात. आराखड्याची बैठक आली म्हणून हा तमाशा."

"मी केलं असतं तर दिवसाढवळ्या, बँड लावून केलं असतं," नॉर्मन म्हणाला. "पण ज्यानं केलं त्याला माझा सलाम. आता वाट पक्की झाली."

ॲग्नेसला आत बाकावर बसवून हेस्टर देवडीत परतली.

"नॉर्मन, वाट पक्की झाली म्हणजे काय?"

"अगं, मढं एकदा वाटेनं नेलं की वाट जन्माची सगळ्यांची. मागच्या बैठकीनंतर चहा पिताना एनॉकच सांगत होता. तू आत कपबशा आवरत होतीस."

"तेव्हा कोण कोण होतं?"

"सगळेच. हा विल्फसुद्धा. त्यानं विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, खरं नाहीतर काय. शंभर टक्के."

हेस्टर कॉलिनकडे वळली.

"तुझ्या कुलपाची किल्ली कुठं असते?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. तिथंच आहे, आत्ताच बघितली."

"रात्री तू कुठं होतास?"

"वरच्या गोठ्यात. मेंढ्या विताहेत. उजाडल्यावर खाली आलो."

"आणि खळग्यातली मेंढी? तिला कोण बघतंय?"

"खळग्यात कुठली मेंढी?" कॉलिन वैतागला. "कुरणात अजून एकही व्यायलेली नाही."

"व्यायली," विल्फ कट्ट्यावरून म्हणाला. "नर आहे. उभा राहिला की दूध पिईल."

बोलून गेल्यावर काय बोललो ते विल्फच्या ध्यानात आलं. तो टोपीची कड चाचपत राहिला.

हेस्टर त्याच्याशेजारी बसली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण नॉर्मनवर पोलीस सोडून गप्प बसणं तिच्यानं झालं नसतं.

"विल्फ, मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"तूच सांग, पोरी. मला नीट जमायचं नाही."

"कुलूप तोडलं नव्हतं," ती म्हणाली. "किल्लीनं उघडलं आणि आत गेल्यावर परत लावलं. मोहीमवाल्यांनी फाटक सताड उघडं टाकलं असतं, गावाला दिसावं म्हणून. मेंढ्या बाहेर जातील याची काळजी कुणाला? मेंढपाळाला. म्हणजे माणूस फार्मवरचाच."

"मी नव्हतो," कॉलिन म्हणाला.

"तू नव्हतास. गाडीनं त्या मेंढीला वळसा घातलाय, म्हणजे गाडी गेली तेव्हा ती तिथं होती आणि ढकलणाऱ्यानं ती पाहिली होती. तुला तिचा पत्ताच नाही. दुसरी गोष्ट, पेटी एकट्यानं हलवायची तर उचलता येत नाही, सरकवावी लागते. चर्चची गाडी घोड्यांच्या उंचीची आहे. घोड्यांना मलम फासलेलं होतं. मेंढीच्या सडांना लावतात ते." तिनं विल्फचा हात हातात घेतला आणि उलटा केला. नखांत पिवळं मलम होतं. "वास ओळखीचा होता. तुमच्या स्वयंपाकघरात चहा प्यायले की कपालाही येतो."

कॉलिन बापाकडे बघत राहिला. "बाबा, हे तुम्ही? कशासाठी?"

"फाटक मी धरलं होतं," विल्फ म्हणाला.

कुणालाच कळलं नाही. हेस्टरला कळलं.

"रोझीच्या वेळी," तो सावकाश बोलू लागला. "बाप म्हणाला, मढं आत आलं तर जमीन गेली. धर फाटक. मी धरलं. एनॉक माझ्याबरोबर शाळेत होता. तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं, पेटी सावरली आणि रस्त्यानं गेला. गारा लागत होत्या त्याला. त्यानंतर जन्मभर भेटला की हवापाण्याचं बोलायचा. तेवढंच." त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "तो चहा पिताना ते बोलला ना, ते माझ्याकडे बघून बोलला. मला वाटलं, मागतोय. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतोय."

"मला सांगायचंत," कॉलिन म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास. मी म्हटलं, त्याला वाटेनं नेतो. त्याची इच्छाही होईल, आणि ॲग्नेसची वाट कुणाला बंद करता येणार नाही. तुलासुद्धा नाही." मग त्यानं हेस्टरला विचारलं, "झालं ना आता? तू कायद्याचं बघतेस. पक्की झाली ना?"

कौन्सिलच्या कामात हेस्टरनं अनेकांना नाही म्हटलं होतं. कुंपणाच्या उंचीला, खिडकीला, कोंबड्यांच्या खुराड्याला. आज जीभ उचलेना.

"नाही, विल्फ. मढं नेल्यानं वाट होत नाही. लोक म्हणतात तसं, पिढ्यान् पिढ्या म्हणतात. पण कायद्यात कधीच नव्हतं."

नॉर्मननं मान खाली घातली.

"मग बापानं..." विल्फ म्हणाला.

"तुमच्या वडिलांचीही समजूतच होती. रोझीला नेलं असतं तरी जमिनीचं काही बिघडलं नसतं."

विल्फनं टोपी मुठीत चुरगळली. "आणि इतकी वर्षं लोक चालले ते?"

"फाटकावर परवानगीची पाटी होती. परवानगीनं चालल्यावर हक्क होत नाही."

"मग होतो कशानं?"

हेस्टरला वाटलं, त्यानं हे विचारू नये. पण त्यानं विचारलं होतं.

"मालकानं आपणहून दिली तर. एक सही लागते. बाकी काही नाही."

"मी मालक..."

"होतात. शरदापर्यंत."

तिघंही कॉलिनकडे बघू लागली. कॉलिन वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"जमीन विकायच्या करारावर सही झालीय माझी," तो म्हणाला. "आता ती वाट माझ्याही हातात नाही. मला मेंढ्या नको होत्या बाबा, कधीच नको होत्या. तुम्ही विचारलं नाहीत." त्यानं घसा खाकरला. "पोलीस नको. आज फाटक उघडं ठेवतो. आजचा दिवस."

अकरा वाजता घंटा झाली. एनॉकला रोझीच्या शेजारी ठेवलं. माती टाकताना विल्फ सगळ्यात मागं उभा होता. ॲग्नेसनं मागं वळून त्याला पुढं बोलावलं.

परतताना सगळे कुरणातून निघाले. खळग्यातलं कोकरू पायांवर उभं राहिलं होतं. ॲग्नेसनं विल्फचा दंड धरला होता आणि ती एकेक पाऊल जपून टाकत होती. हेस्टर त्यांच्या मागोमाग होती.

"देवडीतलं मला आतून ऐकू येत होतं," ॲग्नेस म्हणाली. "सगळं नाही, कान गेलेत आता. फाटक तू धरलं होतंस, तेवढं ऐकलं."

विल्फ थांबला.

"चल रे," ती म्हणाली. "बापाच्या धाकात होतास तू. आणि आज तर नेलंस ना त्याला. आता ही वाट कुणी बंद करू शकायचं नाही. एनॉक मला सांगायचा."

विल्फनं मागं वळून हेस्टरकडे बघितलं. गुरुवारी आराखडा बैठकीत येणार होता आणि तो हेस्टरच वाचून दाखवणार होती. तिनं नजर चुकवली नाही.

"नाही," विल्फ म्हणाला. "कुणी करू शकायचं नाही."

त्यानं ॲग्नेससाठी फाटक पूर्ण उघडलं आणि ती गल्लीत जाईपर्यंत धरून ठेवलं. मग नॉर्मन गेला, मग बाकीचे. शेवटी कॉलिन आला. त्यानं बापाच्या हातून फाटक घेतलं, लोटलं आणि साखळी गुंडाळली. आत मेंढ्या होत्या.