चूक बाहेर सांगायची

स्नेहाचं पत्र मार्चमध्ये आलं आणि धम्मपालने त्याचं उत्तर दिलं नाही. पत्र त्याला पाठ झालं होतं. मनातल्या मनात त्याने उत्तरही बऱ्याचदा लिहिलं होतं, पण तसली उत्तरं सांगलीला पोचत नाहीत.

त्यांची ओळख एका रिकाम्या खुर्चीमुळे झाली होती.

नाशिकच्या महामार्ग बसस्थानकाच्या मागे एक वसाहत आहे. तिथल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालते. रविवारी वंदना आटोपली की कोंडाजीकाका तिथे नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींकडून मुलाखतीचा सराव करून घेत. काका एका कारखान्यात कामगारभरतीचे कारकून होते. निवृत्त झाले तरी माणसं पारखायची सवय सुटली नव्हती. सरावात एक जण साहेब व्हायचा, एक जण उमेदवार.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी साहेब होणारा मुलगा आलाच नाही. धम्मपाल कोपऱ्यात फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसला होता.

"धम्मपाल, हात पूस आणि साहेब हो," काका म्हणाले.

"मी? काका, मलाच अजून नोकरी नाही."

"साहेबाला काही यावं लागतं असं कुणी सांगितलं तुला? बस."

समोर स्नेहा बसली. घोटीहून आलेली. बाहेर भुरभुर चालू होती, तिच्या ओढणीचं टोक ओलं होतं आणि ती ते बोटांनी पिळत होती.

"स्वतःविषयी सांगा," धम्मपाल म्हणाला.

ती सांगू लागली. तो ऐकत राहिला. तिचं सांगून संपलं, तरी तो ऐकतच होता.

"साहेब... पुढचा प्रश्न?"

सगळी अभ्यासिका हसली.

काकांचा एक नियम होता. उमेदवाराची चूक चारचौघांत काढायची नाही. साहेबाने त्याला बाहेर, पिंपळाखाली न्यायचं आणि तिथे एकट्याला सांगायची. 'सगळ्यांसमोर हसं झालेलं पोर पुन्हा मुलाखतीला जात नाही,' असं काका म्हणत. या नियमातून आणखी काही घडू शकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

"सांगा साहेब, काय चुकलं?" पिंपळाखाली तिने विचारलं.

"तुम्ही... 'मी मेहनती आहे' म्हणालात."

"मग आळशी आहे म्हणू?"

"तसं नाही. मेहनती सगळेच असतात. तुम्ही काय केलंत ते सांगा. वडिलांबरोबर भातगिरणीत जाता, तांदूळ तळहातावर घेऊन जुना की नवा ओळखता..."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता. पण फार घाईत सांगितलंत."

तिने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. "ऐकणारा साहेब पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी साहेब होणारा मुलगा परत आला. पण स्नेहा सरळ धम्मपालच्या समोर जाऊन बसली.

थंडी पडेपर्यंत तिच्या चुका संपल्या. मग त्याला त्या शोधाव्या लागल्या.

"बोलताना तुम्ही डावीकडे बघता."

"मागच्या वेळी उजवीकडे म्हणाला होतात."

"मग... मधोमध बघा."

"मधोमध तुम्ही बसलेले असता ना!"

धम्मपाल पिंपळाच्या पानांकडे पाहू लागला. चूक सांगायला आता पिंपळ पुरत नव्हता; ती सांगत सांगत ते घोटीच्या गाडीपर्यंत जात.

"आणि तुमची मुलाखत कधी घ्यायची?" गाडीच्या पायरीवरून तिने एकदा विचारलं.

"माझं काय... सांगण्यासारखं काही नाही."

"ही चूक. गाडी सुटतेय म्हणून इथेच सांगते."

जानेवारीत द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं दोघांनाही बोलावणं आलं. जागा एकच होती. धम्मपाल आधी आत गेला.

"स्वतःविषयी सांगा," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

"माझा जन्म घोटीचा. वडील भातगिरणीत आहेत. लहानपणापासून मी तांदूळ तळहातावर घेऊन—"

"अर्जात तर नाशिक लिहिलंय."

धम्मपाल थांबला. कानांपर्यंत लाल झाला.

"मॅडम, ते... दुसऱ्या उमेदवाराचं आहे."

"बरं. मग तुमचं?"

त्याने मनात शोधलं. तिचं सगळं तिथे ओळीने लावलेलं होतं. स्वतःचं त्याने कधी मोठ्याने म्हटलंच नव्हतं.

त्याच्यामागून स्नेहा गेली. बाईंनी तिचा अर्ज पाहिला आणि ओठ आवळून हसू दाबलं. "घोटी, भातगिरणी, जुना-नवा तांदूळ. इथपर्यंत आम्हाला कळलंय. तुम्ही पुढचं सांगा."

ती बाहेर आली तेव्हा तो निघून गेला होता. नोकरी तिला मिळाली, नेमणूक सांगलीला झाली. तिने फोनवर कळवलं. त्याने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मग मार्चमध्ये ते पत्र आलं.

'साहेब,

फोनवर तुम्ही अंगठा दाखवता, म्हणून पत्र. आपणांस मुलाखतीस बोलावण्यात येत आहे. जागा एक. कायमस्वरूपी. अनुभवाची अट नाही. उमेदवाराने स्वतःविषयी सांगावे. स्वतःविषयी— माझ्याविषयी नको, ते मला माहीत आहे. अपेक्षित वेतन कळवावे.

मे महिन्यात घरी येईन. आईने स्थळं बघायला घेतलीत. त्याआधी उत्तर आलं तर बरं...

स्नेहा'

आधी नोकरी, मग उत्तर, असं धम्मपालने ठरवलं. एप्रिल उजाडला. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या रविवारी काकांनी त्याला उमेदवाराच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः साहेब झाले. तो जेमतेम चार वाक्यं बोलला. काका उठले आणि त्याला पिंपळाखाली घेऊन गेले.

"इथली फाटकी पुस्तकं कोणी बांधली?"

"मीच."

"विषयवार कोणी लावली? मग ग्रंथालयाच्या नोकरीला हे सांगायचं नाही, तर काय पंचवटीतल्या भाजीचा भाव सांगायचा?"

धम्मपाल हसला.

"आता दुसरी चूक. सांगलीला उत्तर दिलंस का? ती फोन करून मला विचारते, पत्र पोचलं की नाही म्हणून."

"नोकरी लागली की देणार आहे, काका."

"म्हणजे उत्तर तुझी नोकरी देणार. तू कधी देणार?"

मुलाखतीत धम्मपाल पुस्तकांविषयी बोलला. खळ कशी शिजवायची, शिवण कुठे घालायची, कोणतं पुस्तक मुलं सर्वांत जास्त फाडतात, तेही. चांगलं झालं की वाईट, हे त्याला समजलं नाही. 'कळवू' एवढंच ते म्हणाले.

तिथून तो थेट टपाल कार्यालयात गेला. दोरीला बांधलेलं पेन थोडं चालत होतं, थोडं नव्हतं.

'स्नेहा मॅडम,

माझं नाव धम्मपाल. जन्म नाशिकचा. वडील सातपूरला लेथवर काम करतात. मी फाटकी पुस्तकं बांधतो आणि ती पुन्हा चटकन फाटत नाहीत. चारचौघांत माझा घसा सुकतो. डिसेंबरपासून तुमच्यात एकही चूक नव्हती. डावी-उजवी मी आपल्या मनाने सांगत होतो, कारण गाडी फार लवकर सुटायची.

नोकरी अजून नाही. कळवू म्हणालेत. तरीही अर्ज करतो आहे. तुम्ही मला फार आवडता.

अपेक्षित वेतन : रविवारी माझी चूक सांगावी. बाहेर, पिंपळाखाली.

आपला,
उमेदवार'

पाकीट त्याने नीट चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या. बाहेरच्या लाल पेटीच्या तोंडात हात घातला आणि तो तसाच राहिला...

"टाका ना हो भाऊ," मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "गाडी आली बघा टपाल न्यायला."

त्याने पाकीट सोडलं.